पायाखालची घोंगडी

गेले तीन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे. गालिचा!

झालं असं की दिवाळीत आम्ही वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. हप्ते वीस वर्षांचे. हॉलमध्ये एक सोफा, एक टीव्ही आणि मधे भलीमोठी पांढरी फरशी. बायको म्हणाली, "अरे, हा हॉल आहे की सर्व्हर रूम?" खरंच, बोललं की आवाज घुमायचा आणि सकाळी फरशीवर पाय ठेववायचा नाही. मग गालिचा घ्यायचं ठरलं. घ्यायचाच तर चांगला, म्हणजे लोकरीचा, हाताने विणलेला आणि 'एथिकल'. हा शेवटचा शब्द बायकोचा. मी आपला मान डोलावली.

शनिवारी रात्री दीड वाजता (माझे सगळे मोठे निर्णय रात्री दीडलाच होतात) साडेआठ हजारांचा गालिचा ऑर्डर केला. वर्णनात 'हॅन्डमेड' तीन वेळा, 'वूल' चार वेळा, आणि सुरकुतलेल्या दोन हातांचा काळापांढरा फोटो. पार्सलमध्ये एक कार्डही आलं, त्यावर 'कारागिराची गोष्ट'. कारागिराचं नाव मात्र कुठे नव्हतं.

तीन आठवड्यांत गोष्ट उलगडली. एक, गालिच्यातून रोज मूठभर फर निघत होती. घरात मांजर नाही, तरी मांजर असल्यासारखं. दोन, ऊन आलं की रबराचा वास. शेवटी एका रविवारी मी गालिचा उलटा केला. मागे कापड चिकटवलेलं. ते कोपऱ्यात जरा उचकटलं तर आत वाळलेल्या डिंकासारखा थर! मग दशांमधला एक धागा तोडून गॅसवर धरला. धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. घरभर प्लॅस्टिक जळल्याचा वास. लोकर अशी जळत नाही. लोकर म्हणजे शेवटी केस, तिला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती आपोआप विझते आणि मागे बोटाने चुरगळेल अशी राख उरते.

परत करायची मुदत अर्थातच संपलेली होती.

मग इंजिनिअर माणूस जे करतो ते केलं, वाचत बसलो. 'हॅन्ड-टफ्टेड' नावाचा एक प्रकार असतो. ताणलेल्या कापडावर बंदुकीसारख्या यंत्राने धागे ठोकायचे, ते सुटू नयेत म्हणून मागून लॅटेक्सचा थर द्यायचा आणि वर दुसरं कापड चिकटवून तो झाकायचा. यंत्र हातात धरतात म्हणून 'हॅन्ड'. म्हणजे तसं खोटं काहीच नाही बघा! लॅटेक्स काही वर्षांनी सुकून भुगा होतो आणि गालिचा गळायला लागतो. खरा गाठींचा गालिचा उलटा केला की मागेही नक्षी दिसते आणि एकेक गाठ मोजता येते. मागावर विणलेला असेल तर पुढची बाजू आणि मागची बाजू जवळपास सारखीच. तेव्हा गालिचा घेताना पुढून बघायचाच नाही, आधी उलटा करायचा. एवढं मला आधी कळलं असतं तर साडेआठ हजार वाचले असते. असो.

आता तो 'एथिकल' शब्द. या धंद्यात तो का आला याला इतिहास आहे. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यात परदेशी जाणारे गालिचे विणले जातात. १९८०-९० च्या दशकांत तिथे मागावर लहान मुलं बसवतात हे जगापुढे आलं. कैलाश सत्यार्थी आणि इतरांच्या प्रयत्नांतून १९९४ मध्ये 'रगमार्क' नावाचं लेबल सुरू झालं, २००९ मध्ये त्याचं 'गुडवीव्ह' झालं. माग तपासायचे, मूल सापडलं तर त्याला शाळेत घालायचं आणि गालिच्याला नंबर द्यायचा, अशी ती पद्धत. चांगलीच आहे. प्राण्यांच्या बाजूनेही प्रश्न आहेत. ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढीच्या शेपटीखाली माश्या अंडी घालू नयेत म्हणून तिथली कातडी कापून काढतात, त्याला म्युलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने २०१८ मध्ये त्यावर बंदी घातली.

हे सगळं वाचून मी बायकोला मोठ्या रुबाबात लेक्चर दिलं. आणि पंधराच दिवसांत माझ्या स्वतःच्या एथिक्सची परीक्षा झाली. त्यात मी नापास झालो, म्हणून हा लेख.

डिसेंबरात नांदेडला घरी गेलो होतो. आजी लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात असते, तिला भेटायला गाडी काढली. नांदेडहून लातूरकडे निघालं की लोहा सोडल्यावर माळेगाव लागतं. खंडोबाचं माळेगाव! मार्गशीर्षात इथे यात्रा भरते. घोडे, गाढवं, खेचरं, कुत्री यांचा बाजार, तमाशाचे फड, लावणी, कुस्त्या आणि भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं. आमच्याकडच्या कुणालाही विचारा, लहानपणी तो माळेगावात एकदा तरी हरवलेला असतो. गाडी आपोआप थांबली.

तिथे एका कडेला घोंगड्यांचे ढीग दिसले. काळ्या, पांढऱ्या, करड्या. आणि माझ्या डोक्यात तेव्हा कुठे ट्यूब पेटली. अरे, लोकरीचं, हाताने विणलेलं, आपल्याच मातीतलं! मी वाकडमध्ये बसून कुठे कुठे शोधत होतो!

एका ढिगाशी साठीचे एक गृहस्थ बसले होते, मुखेड तालुक्यातल्या एका गावचे. आता मी शहाणा झालेलो. म्हटलं, "मामा, लोकर खरी आहे ना? हल्ली मिलच्या धाग्याच्या पण येतात." मामांनी काही न बोलता एका घोंगडीची दशी तोडली आणि काडी लावून माझ्या नाकाखाली धरली. जळक्या केसांचा वास! मग शेजारच्या ढिगातली एक घोंगडी ओढून तिचीही दशी जाळली. ती वितळली. "ह्ये बी ठिवाव लागतंय, दादा. पाचशाला मागत्यात लोक. ह्ये मिलचं हाय, म्हून सांगूनच इकतो." मला आवडलं. माझ्या साडेआठ हजारांच्या कार्डापेक्षा ही माहिती जास्त सरळ होती.

खऱ्या घोंगडीची किंमत सांगितली अठ्ठावीसशे. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "मामा, काहीतरी व्यवस्थित लावा." यात्रेत घासाघीस न करणं म्हणजे अपमान असं आमच्याकडे समजतात. बावीसशे, पंचवीसशे असं होत होत एकवीसशेला सौदा तुटला. मी विजयी मुद्रेने पैसे दिले. सातशे वाचले!

मग चहा आला आणि मी सवयीने प्रश्न विचारायला लागलो. एका घोंगडीला किती लोकर लागते? अडीच-तीन किलो. एका मेंढीची? वर्षातून दोनदा कातरली तरी मिळून अर्धा किलो, आणि धुऊन-पिंजून त्यातली बरीच जाते. म्हणजे पाच-सहा मेंढ्यांचं वर्षभराचं पीक एका घोंगडीत. सूत कोण काढतं? मामी आणि त्यांची जाऊ, चरख्यावर. घरचं सगळं करून दहा-बारा दिवस. मग ताणा लावायचा, त्याला चिंचोक्याची खळ द्यायची, कुंच्याने ती सारखी करायची, वाळवायची. मग खड्डामागावर बसून मामा विणणार, दोन-तीन दिवस.

मी मोबाईलवर कॅलक्युलेटर उघडला. धरा पंधरा दिवसांचं काम. एकवीसशे भागिले पंधरा, एकशे चाळीस रुपये रोज! तोही लोकरीची किंमत, यात्रेपर्यंतचं भाडं, जागेचे पैसे आणि न विकलेला माल काही न धरता. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी देशाला शिकवली, तिथे २०२५-२६ साली त्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने पंधरा दिवसांचे होतात चार हजार सहाशे ऐंशी. लोकर वेगळी. म्हणजे मामांनी सांगितलेली अठ्ठावीसशे ही किंमतच मुळात पडती होती, आणि मी तिच्यातूनही सातशे काढून घेतले होते. ज्या माणसाने रात्री दीड वाजता प्लॅस्टिकला साडेआठ हजार एका क्लिकवर दिले, एक रुपया कमी करा म्हटलं नाही, त्या माणसाने!

मी सातशे परत द्यायला गेलो. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. येवहार झाला न्हवं." त्यांनी घेतले नाहीत. त्यांना त्यात माझ्यापेक्षा जास्त मान होता.

तर माझा मुद्दा हा आहे. 'एथिकल'ला मराठीत काय म्हणायचं याचा मी बराच विचार केला. नैतिक वगैरे शब्द भाषणात शोभतात. आपल्याकडे साधा वाक्प्रचार आहे, कुणाच्या पोटावर पाय न देणं. गालिच्याच्या बाबतीत तर तो शब्दशः लागू पडतो, कारण गालिच्यावर आपण पायच देतो. लेबल हवं, तपासणी हवी, पण जिथे विणणारा समोर बसलेला आहे तिथे लेबल आपणच. तिथे आपण किती पैसे दिले एवढाच प्रश्न उरतो. मॉलमध्ये आणि ॲपवर आपण घासाघीस करत नाही कारण तिथे समोर माणूस नसतो. माणूस दिसला की आपण घासाघीस करतो. हे उलटं नाही का?

कुणी म्हणेल, मग काय आता दया म्हणून घोंगडी घ्यायची? अजिबात नको. दयेने घेतलेली घोंगडी माळ्यावर जाते आणि तिथे तिला कसर लागते. स्टेजवर पुढाऱ्यांना काठी आणि घोंगडी देतात, त्यातल्या किती घोंगड्या पुढे वापरल्या जातात? २०२४ मध्ये मराठवाड्यात घोंगडी बैठकांनी पेपर भरले होते, पण त्यामुळे घोंगडीचा भाव वाढल्याचं मी ऐकलं नाही. वस्तू म्हणून ती चांगली आहे म्हणून घ्यायची. आणि इथे जरा तांत्रिक बोलू द्या.

घोंगडी टोचते, ही तिच्याबद्दलची मुख्य तक्रार. का टोचते? तंतूची जाडी. साधारण तीस मायक्रॉनच्या वरच्या तंतूचं टोक कातडीला टोचतं. मेरिनोचा तंतू वीसच्या आसपास, म्हणून त्याचे स्वेटर मऊ. आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीत जाड, केसाळ तंतू भरपूर. स्वेटरच्या परीक्षेत ती नापासच होणार. पण जगात गालिच्यांना लोकर लागते ती हीच, जाड! मऊ लोकर पायाखाली टिकत नाही. म्हणजे आपल्याकडे गालिच्याची लोकर आहे, आणि आपण ती पांघरून 'टोचते' म्हणून नावं ठेवतोय. चुकीच्या मॉड्यूलवर टेस्ट केस चालवल्यासारखं आहे हे. बाकी गुण तर आहेतच. लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, सहजासहजी पेट घेत नाही, आणि पाऊस बराच वेळ अंगावर झेलते. म्हणून तर मेंढपाळ भर पावसात तिची खोळ करून रानात उभे राहतात.

ही मेंढी महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक अशी तीन राज्यांत पसरलेली. आमची घोंगडी देगलूरच्या पलीकडे गेली की गोंगडी होते आणि कर्नाटकात कंबळी. धनगर, सनगर, कुरुमा, कुरुबा अशा समाजांनी शेकडो वर्षं हे काम केलं. आता मात्र मेंढ्या पाळल्या जातात त्या मटणासाठी. कातरणाऱ्याला द्यावे लागतात ते पैसेही लोकरीतून सुटत नाहीत, म्हणून कातरलेली लोकर रानात टाकून देतात. ज्या मेंढीला लोकर कमी आणि मांस जास्त तीच परवडते, म्हणून माडग्याळसारख्या मेंढ्या वाढल्या. धनगराची यात काही चूक नाही, त्याने तरी तोट्यात का राहावं? आणि हे फक्त आपल्याकडे नाही. न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्येसुद्धा गेल्या काही वर्षांत जाड लोकरीचा भाव इतका पडला की कातरणीचा खर्च निघेना. सगळीकडे तिची जागा पेट्रोलियमपासून काढलेल्या धाग्याने घेतली. २०२५ मध्ये सुरेश एरियत यांच्या 'देसी ऊन' या दख्खनी लोकरीवरच्या ॲनिमेशनपटाला फ्रान्समधल्या आन्सी महोत्सवात पारितोषिक मिळालं, ते बघून मला आनंद झाला आणि जरा लाजही वाटली. आमच्या अंगणातली गोष्ट आम्हाला फ्रान्समार्गे कळायची!

असो. घोंगडी गाडीत टाकून आजीकडे पोचलो. उत्साहाने ओसरीवर अंथरली आणि म्हटलं, "आज्जी, ही हॉलमध्ये टाकणार. गालिचा!"

आजी कडाडली. "काय करलालास रे! घोंगडी पायाखाली घालतेत व्हय?"

हे माझ्या स्पेसिफिकेशनमध्ये नव्हतं. लोकर आमच्याकडे सोवळ्याची. पूजेला धाबळी चालते ती त्यामुळेच. त्यात घोंगडी म्हणजे बिरोबाची, खंडोबाची. आणि आजीच्या घोंगडीला आणखी एक कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा औसा तालुक्यातल्या इतर गावांसारखं हेही गाव बाहेर आलं. त्यात पाऊस. आजीने आत्याला आणि धाकट्या काकाला एका घोंगडीत घेऊन दोन रात्री उघड्यावर काढल्या. घर पडलं नव्हतं, पण आत जायची कुणाची छाती नव्हती. ती घोंगडी अजून तिच्या पेटीत आहे, वेखंड घालून ठेवलेली. तिच्यावर कुणी चपला घालून चालायचं, हे आजीला कसं पटावं?

मी वाद घातला नाही. फक्त विचारलं, "पण पाहुणा आला की बसायला काय अंथरायचे?"

"घोंगडी."

"मग?"

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बसायला आंथर. वहाणा बाहीर काढायच्या. आन् रोज झटकायची." हाच आमचा तह. वाकडच्या घरात आता चपला दाराबाहेर निघतात. बायको दोन महिन्यांपासून हेच सांगत होती, पण ते आजीच्या तोंडून यावं लागलं. (हे तिने वाचलं तर आज जेवण बाहेर.)

आता निगा. यात मी अनुभवी आहे, म्हणजे बिघडवण्याचा अनुभव. नांदेडला आमच्याकडे एक जुनी पांढरी घोंगडी होती. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सुट्टीत आलो असताना आईला मदत म्हणून मी ती वॉशिंग मशीनमध्ये टाकली. गरम पाणी, भरपूर पावडर, 'हेवी' मोड. तासाभराने बाहेर काढलं ते घोंगडी नव्हतं, पुठ्ठा होता. निम्म्या आकाराचा. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. नमदा याच तत्त्वावर करतात, पण तो मुद्दाम! शिवाय हल्लीच्या पावडरीत डाग खाणारी एन्झाइम्स असतात. त्यांचं काम प्रथिनं पचवणं, आणि लोकर हे प्रथिनच आहे. म्हणजे पावडर डागाबरोबर घोंगडीही खाते.

तेव्हा धुणं शक्य तितकं टाळायचं. आठवड्यातून एकदा बाहेर नेऊन उलटी टांगून झटकली की नव्वद टक्के काम होतं. काही सांडलं तर घासायचं नाही, सुती फडक्याने दाबून टिपायचं, मग थंड पाण्याचं फडकं. वर्षातून एकदा धुवायचीच असेल तर गार पाणी आणि रिठे. पिळायची नाही, ओली असताना दोरीवर टांगायचीही नाही, पाण्याच्या वजनाने लांबते. सावलीत सपाट पसरून वाळवायची. नवी घोंगडी ताठ असते आणि चिंचोक्याच्या खळीचा वास येतो, त्याला घाबरून परत करू नका. वापरता वापरता खळ निघते आणि ती मऊ पडते. काळी घेत असाल तर ओला पांढरा रुमाल तिच्यावर घासून बघा. काळ्या मेंढीची असेल तर रुमाल पांढराच राहतो, रंगवलेली असेल तर कळतंच. आणि कोकरांच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची घोंगडी मिळाली तर ती मात्र पायाखाली घालू नका. ती मऊ आणि महाग असते, ती पांघरायचीच.

खरा शत्रू कसर. लोकर पतंगाचे किडे खात नाहीत, अळ्या खातात, आणि अळ्यांना अंधार आणि शांतता लागते. सोफ्याखाली दबलेला भाग, घडी घालून ठेवलेला कोपरा. आमच्या लातूर-नांदेडच्या कोरड्या उन्हात याचं फार भय नसतं, पण पुण्याचा पावसाळा वाईट. दर दोन महिन्यांनी घोंगडी फिरवून अंथरायची, उघडीप मिळाली की तासभर उन्हात. शंका आली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस डीप फ्रीझरमध्ये. (एवढा मोठा फ्रीझर कोणाकडे असतो हा प्रश्न रास्त आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याने मला ज्या नजरेने बघितलं ते सांगत नाही.) कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड हे चांगलंच, पण ते अळी येऊ नये म्हणून, आलेली मारायला नव्हे.

सध्या हॉलमध्ये ती एक घोंगडी आहे. तो वितळणारा गालिचा बाल्कनीत, वॉशिंग मशीनखाली, खडखड कमी करायला. शेवटी तो कामाला आला म्हणायचा. पण हॉल मोठा आणि घोंगडी लहान, त्यामुळे मागच्या आठवड्यात मामांना फोन केला. त्यांनी नंबर दिला होता, मुलाचा. म्हटलं, दोन पट्ट्या जोडून सहा बाय आठची जाड बैठक कराल का, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची? त्यांनी भाव सांगायच्या आधी मीच दिवस मोजून आकडा सांगितला, आणि निम्मे पैसे आगाऊ. पलीकडे बराच वेळ शांतता. मग मामांनी आत कुणाला तरी हाक मारून विचारलं, सूत काढणं जमेल का म्हणून. मामींचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत.

"जमंल म्हणती," मामा म्हणाले. "पर यंदाची कातरणी झाल्याबिगर न्हाई. पांढरी लोकर सरलीय."

"कधीपर्यंत मिळेल, मामा?"

"आता ते मेंढ्यावर हाय."

बायकोने रात्री विचारलं, डिलिव्हरी कधी? मी सांगितलं, मेंढ्यांवर आहे. तिने फरशीच्या मोकळ्या भागाकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे भिजत घोंगडं."

आगाऊ पैसे मी आजच पाठवले. पोचल्याचा मेसेज मामांच्या मुलाकडून आला, सोबत तीन मेंढ्यांचा फोटो. कुठली आमची ते विचारायचं राहिलं.